अठ्ठावीसची लेन्स

जयवंतने खाटेवर बॅग पुन्हा पालथी केली तेव्हा माझ्या हातात लाटणं होतं, आणि ते मी त्याच्या पाठीत का घातलं नाही याचं मला अजून नवल वाटतं. सकाळपासून हेच चाललं होतं. कॅमेरा आत, कॅमेरा बाहेर. पन्नासची लेन्स आत, एकशेपस्तीसची आत. मग एकशेपस्तीसची बाहेर काढून फुंकर मारायची, फ्लॅनेलने पुसायची, पुन्हा आत ठेवायची, आणि जागा होईना म्हणून पन्नासची बाहेर. खोली आमची दहा बाय बाराची. तिच्यात चार माणसं, एक खाट, आणि त्या खाटेवर माझ्या भावाची दिल्ली पसरलेली. पोळ्या लाटायच्या कुठे, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

संध्याकाळी दादरहून त्याची दिल्लीची गाडी होती. जानेवारीचा महिना, संपाला दोन वर्षं उलटलेली. संप संपला असं कुणी जाहीर केलं नव्हतं आणि चालू आहे असंही कुणी छातीठोकपणे म्हणत नव्हतं. आमचे बाबा, बुधाजी, गिरणीत रिंग खात्यात होते. ते रोज सकाळी दाढी करून, शर्ट घालून खिडकीत बसायचे. शर्ट कशाला, असं विचारायची सोय नव्हती.

जयवंत माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. डिलाईल रोडला आमच्याच चाळीच्या जिन्याखाली त्याचा फोटो स्टुडिओ. त्याचा म्हणजे पाटीवर नाव त्याचं. पुढे पडदा, स्टूल आणि दोन दिवे, तिथे तो. मागे काळं कापड लावलेली पलंगाएवढी खोली, तिथे मी. फिल्म धुणं, प्रिंट काढणं, निगेटिव्हवर पेन्सिलीने देवीचे व्रण बुजवणं, नवरीचा रंग उजळ करणं, हे सगळं माझ्याकडे. चाळीतल्या निम्म्या बायकांची लग्नं मी पेन्सिलीने जमवलीत असं मी म्हणायची, आणि ते फार खोटं नव्हतं.

संप लागल्यावर लग्नं लांबली आणि गिऱ्हाईक आटलं. पासपोर्ट साइजवाले तेवढे यायचे, कुणी आखातात निघालेला, कुणी कुठे नोकरीला अर्ज करणारा. जयवंत मोर्च्यांचे फोटो काढायला जायचा. तो लांबून काढायचा, एखाद्या इमारतीच्या गच्चीवरून, एकशेपस्तीसच्या मोठ्या लेन्सने. डोक्यांचा समुद्र, झेंडे, पोलिसांच्या टोप्या. चांगले फोटो होते, मी नावं ठेवत नाही. पण ज्या दिवशी मोर्चा नसायचा त्या दिवशी कॅमेरा नुसता पडून राहायचा, आणि पडून राहिलेली वस्तू मला बघवत नाही. मी तो उचलून शेजारपाजारच्या खोल्यांत जायला लागले. मला कोण अडवणार? राधाबाईची लतिका, काल हिने आमच्या पोरीचे केस विंचरले, आज हातात कॅमेरा आहे, एवढंच. बायका मला चहा विचारायच्या आणि मग विसरून जायच्या. नवरे तर विसरायचेच.

त्या खोल्यांत पन्नासची लेन्स चालत नाही. एक बाई दिसते आणि तिची चूल दिसत नाही. रे रोडला एका खलाशाकडून जयवंतने अठ्ठावीसची वाईड घेतली होती, पुढचं झाकण हरवलेली, आणि घेतल्यापासून ती कपाटात पडली होती. ती लावली की अख्खी खोली मावायची. फक्त माणसाच्या इतकं जवळ जावं लागायचं की त्याचा श्वास ऐकू येईल. मला त्याचं काही वाटायचं नाही. आमच्याकडे झोपतानाही माणसं याहून जवळ असतात.

पावसाळ्यानंतर दिल्लीच्या एका चित्रसाप्ताहिकाने संपाचे फोटो मागवले होते. जयवंतने आठ निवडले. पाच त्याच्या मोर्च्यांचे, तीन माझे. भर दुपारी भिंतीकडे तोंड करून झोपलेला गिरणीतला साचेवाला आणि त्याच्या पायाशी बसून मुलीची वेणी घालणारी त्याची बायको, हा एक. फळीवरची पितळी भांडी गेल्यावर भिंतीवर उरलेले गोल डाग आणि त्यांच्याखाली उभी असलेली घरधनीण, हा दुसरा. तिसरा आमच्या आईचा, रिकाम्या डब्यात हात घालून तळ चाचपताना. मीच प्रिंट काढल्या, मीच वाळवल्या, आणि स्टुडिओतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रिंटमागे मारायचा तो जयवंतच्या नावाचा शिक्काही सवयीने मीच मारला. त्यात कुणाची लबाडी नव्हती. शिक्का एकच होता.

डिसेंबरात उत्तर आलं, हिंदीत, जयवंतच्या नावाने. मोर्च्यांबद्दल त्यात एक ओळ नव्हती. सगळं त्या तीन खोल्यांबद्दल होतं. ज्याने हे फोटो काढले त्याने जानेवारीत दिल्लीला यावं, धुक्यात आणि शेकोट्यांपाशी, रैनबसेऱ्यांत म्हणजे रात्रीच्या निवाऱ्यांत माणसं कशी जगतात ते आमच्यासाठी काढावं, पंधरवडाभर बघू, काम पटलं तर इथेच नोकरी आहे. सामान हलकं आणा, दिवसभर पायी फिरायचं आहे. एक कॅमेरा, फार तर दोन लेन्स, त्यातली एक ती खोल्यांतली.

जयवंतने ते मोठ्याने वाचलं. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं. आणि तेवढ्यात बाबा हसले. दात दिसेपर्यंत हसले. माझा पोरगा दिल्लीला चालला, म्हणाले, आणि उठून गॅलरीत गेले आणि सगळ्या मजल्याला सांगून आले. आईने डोळ्याला पदर लावला. त्या हसण्यावर पाणी ओतायचं काळीज माझ्याकडे नव्हतं, जयवंतकडेही नव्हतं. तो काही बोलला नाही, म्हणून मीही बोलले नाही. पेढे वाटायला मात्र मीच गेले. प्रत्येक दारात लोक भावाचं कौतुक करत होते आणि मी हो हो म्हणत होते, आणि घरी येऊन मी भांडी अशी घासली की आई म्हणाली, कल्हई जाईल.

त्यानंतर सुरू झाली ही भराभरी. दिल्ली कधी न पाहिलेली माणसं दिल्लीच्या थंडीवर तासन्‌तास बोलत होती. कुणी म्हणालं तिथे चहा कपात गोठतो. कुणी म्हणालं थंडीत कॅमेऱ्याचे सेल मरतात, ते खिशात अंगाशी धरून ठेवायचे. हे दुसरं खरं होतं, पण पहिल्याच्या जोडीला आल्यामुळे जयवंतला तेही खोटं वाटलं. तो रात्री बॅग भरायचा आणि सकाळी उपसायचा. जेवताना पाय हलवायचा. हाक मारली की दचकायचा. आई म्हणायची, लांब जायचं आहे, जीव कावराबावरा होतोच. मी गप्प बसायची, आणि मला गप्प बसता येत नाही हे सगळी चाळ जाणते, त्यामुळे लोकांना वाटलं मी भावाच्या विरहाने झुरतेय.

शेजारच्या चंपामावशीचा जावई देवळालीला छावणीत. त्याचा एक लोकरी स्वेटर तिने मागवून दिला, बाटलीहिरव्या रंगाचा, दोन जयवंत मावतील एवढा. आमच्या घरात लोकरीची वस्तू पहिल्यांदाच येत होती. ती कशी सांभाळायची ते आईने मावशीला विचारून घेतलं आणि ट्रंकेत ठेवून दिली. मला बघायला वेळ नव्हता. मी मागच्या खोलीत बसून मोठ्या डब्यातली फिल्म कापून जुन्या रिळांत भरत होते. त्याच्यासाठी. दिल्लीसाठी.

तर त्या दिवशी दुपारी, पोळ्या झाल्यावर, मी खाटेवरच्या पसाऱ्याकडे नीट बघितलं. कॅमेरा होता. पन्नासची होती, एकशेपस्तीसची होती. रिळं मोज्यांत कोंबलेली होती. मी विचारलं, अठ्ठावीसची कुठे आहे?

असेल की, जयवंत म्हणाला.

असेल की म्हणजे? आठ दिवस हा माणूस बॅग भरत होता. प्रत्येक वस्तू शंभर वेळा हाताळत होता. आणि ज्या लेन्ससाठी त्याला बोलावलं होतं ती कुठे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, कारण त्याने ती शोधलीच नव्हती. मला ते तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी त्या वेळी नुसती चिडले होते आणि चिडल्यावर मला एका वेळी एकच गोष्ट दिसते.

आई म्हणाली, ती जाड काच ना, ती मी ठेवली आहे जपून. तुझं हे रोज उपसणं चाललंय, एखाद्या दिवशी पडायची खाली. आणि मोठ्या खुशीत तिने ट्रंक उघडली.

वास आधी आला. अख्ख्या खोलीत डांबराच्या गोळ्यांचा वास भरला. मावशीने सांगितलं होतं चार गोळ्या टाक. आईने लोकर पहिल्यांदाच पाहिलेली, तिने पुडीच्या पुडी ओतली होती. स्वेटरच्या घडीत, मऊ म्हणून, फ्लॅनेलमध्ये गुंडाळून लेन्स ठेवली होती, आणि गोळ्या तिच्या भोवती, ऐवजाला जपावं तशा. मी फ्लॅनेल सोडलं. काचेवर दुधावर येते तशी पांढुरकी साय धरली होती. बोटाने पुसली तर फराटा उठला. आईचं तोंड उतरलं. तिला वाटलं आपण पोराचं वाटोळं केलं. लोकर, काच, कागदपत्रं, जे काही घरात मोलाचं ते ट्रंकेत आणि ट्रंकेत डांबरगोळ्या, हे तिच्या आईने तिला शिकवलेलं. त्यात तिचं काय चुकलं?

जयवंतने लेन्स हातात घेतली, उजेडाकडे धरली. मग हळूच खाटेवर ठेवली.

"गेली ही," तो म्हणाला. "राहू दे आता. दोनच नेतो. हलकंच आणा म्हणालेत ना."

आणि त्याचे खांदे खाली आले. आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्या भावाचा चेहरा सैल झालेला मी बघितला. परीक्षेच्या दिवशी शाळेला सुट्टी मिळाल्यासारखा.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. लेन्स बिघडली याचं मला दुःख होतं, पण त्याला बरं वाटलं ते मला सहन झालं नाही.

"बरं वाटलं ना तुला?" मी म्हणाले. "आता तिथे विचारलं की सांगायला झालं, लेन्सच बिघडली, नाहीतर काढले असते. सांग ना आईला, बाबांना. त्या खोल्या तू काढल्या नाहीस. ते तिन्ही फोटो माझे आहेत."

आई ट्रंकेपाशी तशीच बसून राहिली. बाबा खिडकीतून वळले. मी पुढे आणखी काय काय बोलले, त्यातलं निम्मं बोलायला नको होतं. पेढे वाटले तेव्हापासूनचं सगळं बाहेर आलं.

मला वाटलं तो उलटून बोलेल. तो मटकन खाटेवर बसला, त्या पसाऱ्यातच. म्हणाला, मला काय माहीत नाही? दिल्लीची तालीम म्हणून गेल्या रविवारी ही लेन्स लावून तो लालबागला गेला होता. मंडईच्या मागे हमाल शेकत बसले होते. दहा हातांवर थांबला तर माणसं मुंगीएवढी दिसली. पुढे जायचं ठरवलं आणि पाय उचलेनात. त्यातल्या एकाने नुसतं मान वर करून बघितलं आणि हा कोरं रीळ घेऊन घरी आला. मग त्याने ती लेन्स कोपऱ्यात ठेवली आणि परत हात लावला नाही.

"तिथे ते मला उभं करतील आणि म्हणतील काढ," तो म्हणाला. "मी काय काढणार ताई? मला झोप नाही आठ दिवस. पण बाबा सगळ्यांना सांगून आले होते."

माझा राग एकदम पातळ झाला, आणि त्याचाच मला पुन्हा राग आला. भांडायला निघालेल्या माणसासमोर असं खरं बोलू नये.

बाबांनी मार्ग काढला, आणि मार्ग गिरणीचाच होता. दुसरा त्यांना माहीत नव्हता. म्हणाले, सोपं आहे. जयवंत आजारी पडला अशी तार करायची. त्याच्या जागी लतिका जाईल. आमच्यात कायमवाला खाड्यावर असला की बदली जात नाही का? भावाच्या जागी भाऊ जातो, बापाच्या जागी पोरगा. पाळी भरल्याशी मतलब. तिथे जाऊन काम दाखव, काम पटलं की मग सांग काय ते.

जयवंतने लगेच मान डोलावली. म्हणाला, हेच बरं. खरं सांगायला गेलो तर ते म्हणतील ही माणसं फसवतात, आणि दोघांनाही नको म्हणतील. दाराशी आलेली नोकरी जाईल. आता गप्प राहून जा, ताई.

त्याचं चूक नव्हतं. मी दिल्लीला जायला तयार होते का, असं कुणी विचारलंच नव्हतं, आणि विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. उत्तर आलं त्या दिवसापासून मी रोज मनातल्या मनात ती गाडी पकडत होते. आता ती समोर आली होती. फक्त एक खोटं बोलायचं आणि चढायचं. मला भीती वाटत होती की मी हो म्हणेन.

"मी जाणार नाही," मी म्हणाले. "अशी नाही."

बाबांनी विचारलं, का?

"बदली त्याची मी नाही, बाबा. काम माझंच आहे. उलट तो गेला असता तर माझा बदली म्हणून गेला असता. माझ्याच कामावर मी दुसऱ्याची बदली म्हणून का जाऊ?"

हे बोलताना मला वाटलं नव्हतं की मी बाबांना काही बोलतेय. पण त्यांचा चेहरा बघितला आणि आठवलं. कायम होण्याआधी अकरा वर्षं ते बदली होते. बदलीचं कार्ड खिशात घालून रोज पहाटे गेटवर उभं राहायचं, भरती करणाऱ्या जॉबरने बोट दाखवलं तर आत, नाही तर घरी. दुसऱ्याच्या मशीनवर, दुसऱ्याच्या जागी. त्या वर्षांबद्दल ते कधी बोलायचे नाहीत. पण संपाच्या मागण्या वाचून दाखवताना बदलीवाल्यांना कायम करा, एवढी एकच मागणी ते दोनदा वाचायचे.

ते उठले. शर्ट अंगात होताच. त्यांनी चपला घातल्या आणि जयवंतला म्हणाले, "चल. दिल्लीला फोन लाव. हिचं नाव सांग."

जयवंत म्हणाला, नाही म्हणाले तर?

"तर नाय म्हणतील," बाबा म्हणाले.

निघताना मी ती लेन्स गॅलरीच्या कठड्यावर उन्हात ठेवली आणि आईला राखणीला बसवलं. का ठेवली ते सांगता येत नाही. डांबरगोळी उघड्यावर टाकली की विरून जाते एवढं ठाऊक होतं, तेवढ्यावर.

नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात फोन होता. ट्रंक कॉल बुक करून आम्ही तिघे बाकड्यावर बसलो. मी आणि बाबा टोकांना, मध्ये जयवंत. लोक खोकल्याचं औषध घेऊन जात होते. मला दोनदा वाटलं उठून जावं. आपलं एवढं काय नाव आहे की त्यासाठी दाराशी आलेली एकुलती एक नोकरी पणाला लावायची? बाबा समोरच्या काचेच्या बरण्यांकडे बघत होते. दोन वर्षांत ते वाट कशी बघायला शिकले होते ते मला त्या बाकड्यावर कळलं.

फोन लागला. जयवंतने आधी कपाळ पुसलं. मग त्याच्या त्या मोडक्या हिंदीत त्याने सगळं सांगितलं, शिक्का, तीन फोटो, बहीण. एकही वाक्य त्याने गाळलं नाही. पलीकडून काय बोलणं चाललंय ते मला ऐकू येत नव्हतं, फक्त जयवंतचं जी, जी ऐकू येत होतं, आणि प्रत्येक जी आधीच्यापेक्षा बारीक होत होतं. शेवटी त्याने रिसीव्हर माझ्यापुढे धरला.

साप्ताहिकातल्या त्या माणसाचा आवाज वैतागलेला होता. म्हणाला, हे आधी का सांगितलं नाही? मी म्हटलं, कुणी विचारलं नाही. म्हणाला, बाईमाणसाच्या राहण्याची सोय आमच्याकडे नाही. मी म्हटलं, तिथे आमच्या लोकांचा विहार आहे, पथारीपुरती जागा मिळते. म्हणाला, नोकरीचं काही कबूल करत नाही, आता तर मुळीच नाही. मी म्हटलं, बरं. मला वाटलं लाइन गेली.

मग त्याने विचारलं, भांड्यांचे डाग आहेत तो फोटो, त्यात तुम्ही त्या बाईच्या इतक्या जवळ कशा गेलात?

"कमरा छोटा है," मी म्हटलं. "पीछे जगह नहीं थी."

तो हसला. हसणं कोरडं होतं, पण हसला. म्हणाला, यायचं असेल तर या, आठ दिवस बघतो. पंधरा म्हणाला होता, ते आठ झाले. भाडंही काम पटलं तर, नाही तर नाही. मी म्हटलं, येते. आणि रिसीव्हर बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो कानाला न लावताच दुकानदाराकडे सरकवला.

परत आलो तर आई गॅलरीत पाट टाकून बसली होती आणि कावळ्यांना हाकत होती. काचेवरची साय बरीचशी विरली होती. कडेला एक धुरकट पट्टी राहिली, ती मी फ्लॅनेलने घासली तरी गेली नाही. तेवढं चालण्यासारखं होतं. जयवंत त्याचं तिकीट परत करून बायकांच्या डब्याचं काढायला दादरला पळाला. मी खाटेवरची बॅग ओढली आणि उपसली. शेवटच्या वेळी.

कॅमेरा घेतला. अठ्ठावीसची घेतली. एकशेपस्तीसची बाहेर काढली, मोर्चे अजून निघत होते आणि ते जयवंतला काढता येत होते. स्टुडिओत जुना दुसरा कॅमेरा होता, त्याला पन्नासची लागायची, पासपोर्टवाल्यांसाठी ती घरी हवी. म्हणजे एकच लेन्स. दोन चालतील म्हणाले होते, पण एका लेन्सवर जगात वावरायची मला सवय होती. रिळं मोज्यांतच राहू दिली. सेल रुमालात बांधून पोलक्यात खोचले. बॅग उचलून बघितली तर करंगळीवर पेलेल एवढं वजन. नागपूरच्या पलीकडे मी कधी गेले नव्हते, तेही दीक्षाभूमीला, सगळ्या चाळीबरोबर. आठ दिवसांनी हा माणूस नको म्हणाला तर मी कुठल्या तोंडाने परत येणार होते? आणि हवी म्हणाला तर? मागच्या काळ्या खोलीत कोण बसणार, आईच्या गुडघ्यांना तेल कोण लावणार, हे सगळं मला एकदम आत्ताच आठवायचं होतं. मी बसले नाही. बसले असते तर उठले नसते.

आईने स्वेटर पुढे केला. त्याला तोच वास येत होता. मी तो साडीवरच चढवला, मुंबईच्या उन्हात, आणि तो माझ्या गुडघ्यापर्यंत आला. आई हसली, मग रडली, मग म्हणाली बाह्या दुमडून घे.

एव्हाना मजला जमा झाला होता. जयवंतला निरोप द्यायला लोक आले होते. कुणी नारळ आणला होता, कुणी चुरमुऱ्याचे लाडू. चंपामावशी सगळ्यांत पुढे. जयवंत दादरहून धापा टाकत आला, माझ्या हातात तिकीट दिलं, आणि दारात उभा राहून मान वर करून म्हणाला, "मी नाही. ताई चालली आहे. ते फोटो तिचे आहेत." घाम पुसला आणि बाजूला झाला. आठ दिवस ज्या माणसाला दहा हातांवरून पुढे जाता येत नव्हतं त्याने हे सगळ्या मजल्यासमोर सांगितलं. मला त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं. तेवढा वेळ नव्हता आणि आमच्यात तशी पद्धतही नाही.

कुणाला काही कळेना. नारळ कुणाच्या हातात द्यायचा इथपासून प्रश्न होता. चंपामावशी माझ्याकडे बघत होती, तिच्या जावयाच्या स्वेटरकडे बघत होती. शेवटी तिने बाबांना विचारलं.

"म्हणजे जयवंतच्या बदली लतिका जाते काय?"

बाबा उंबऱ्यात वाकून चपला घालत होते. मला गाडीत बसवून द्यायला तेच निघाले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बदली नाय," ते म्हणाले. "कायम."

मी बॅगेची चेन लावत होते. ती आधीच लावलेली होती. मी ती उघडली आणि पुन्हा लावली, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मला त्या सगळ्यांना दाखवायचं नव्हतं.